सकुरा राहू दे, पयस दाखव

प्रत्येक ऑफिसात एक तरी प्लॅन असा असतो, जो कॅन्टीनमध्ये ठरतो आणि एचआरच्या टेबलावर संपतो. आमचा ‘मिशन सकुरा’ त्यातलाच. २०२२ची दिवाळी झाली, बोनस खात्यात पडले आणि माझ्या चार मैत्रिणींनी जाहीर केलं, येत्या वसंतात टोकियो! तिघी आयटीतल्या, एक बँकेतली आणि पाचवी मी, म्हणजे फ्रीलान्स जर्नलिस्ट. मला रजा कुणाकडे मागावी लागत नाही, पैसे मात्र सगळ्यांकडे मागावे लागतात. एका कंपनीच्या ब्रोशरचं बिल सहा महिने अडकलं, तिकिटांचे आकडे रोज वर सरकत राहिले आणि जानेवारीत मी गुपचूप ग्रुपमधून गळाले.

गळाले, तरी होमवर्क झाला होता. एखादा देश फुलांच्या मागे किती सीरियसली लागू शकतो, हे त्या निमित्ताने कळलं. जपानात सकुराचा बहर दक्षिणेकडच्या ओकिनावात जानेवारीत सुरू होतो आणि उत्तरेला होक्काइदोला पोचेपर्यंत मे उजाडतो. मान्सून केरळातून वर सरकताना आपण जसे नकाशे बघतो, तसे तिकडे या फुलांचे नकाशे. टोकियोचं हवामान खातं यासुकुनी देवळाच्या आवारातलं एक ठरावीक झाड बघतं. त्याच्यावर पाच-सहा फुलं उमलली की अधिकृत घोषणा, शहरात बहर सुरू! ऐंशी टक्के कळ्या उघडल्या की पूर्ण बहर. शहरांतली बहुतेक झाडं ‘सोमेई योशिनो’ या एकाच जातीची, तीही कलमं करून वाढवलेली, म्हणजे एकमेकांच्या झेरॉक्स कॉप्याच. म्हणून तर ती एका परिसरात साधारण एकदमच फुलतात आणि आठवड्या-दीड आठवड्यात एकदमच झडतात. एक ढोबळ नियमही आहे. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान बेरजेत धरत जायचं, सहाशे अंश झाले की फुलं येतात म्हणे.

हे मी मामाला फोनवर सांगितलं, तर मामा म्हणाले, ‘‘आपल्याकडे वीस दिवसांत होतील गं सहाशे.’’ मामा जळगावजवळच्या असोद्याला राहतात, म्हणजे त्यांचा हिशेब बरोबर आहे.

मैत्रिणींचं काय झालं तेही सांगून टाकते. सगळ्या ट्रॅव्हल साइट्स सांगत होत्या, ‘मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा’. म्हणून बुकिंग १ एप्रिलचं. पण २०२३मध्ये टोकियोची घोषणा झाली १४ मार्चला आणि पूर्ण बहर आला २२ मार्चला. या पोचल्या तेव्हा झाडांवर कोवळी हिरवी पानं होती आणि गुलाबी पाकळ्या गटाराच्या पाण्यावर तरंगत होत्या. बँकवालीने मला एक फोटो पाठवला. त्यात ती स्वतः, एक हिरवं झाड आणि कॅप्शन, ‘ईएमआय चालू’.

दुष्टपणा आहे, पण मला जरा बरं वाटलं.

माझी आजी, म्हणजे आईची आई, असोद्यालाच असते, मामांकडे. टोकियो कॅन्सल झाल्याचं तिला फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, ‘‘कोनाचं लगीन व्हतं का तठी?’’ नाही, फुलं बघायला. यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘‘फुलं पाह्याले इतल्या लांब कायले? माले एकदा पालचा पयस दाखव.’’

पयस म्हणजे पळस. आमच्या त्या भागात ‘ळ’ला फारशी किंमत नाही, त्याचा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. ही भाषा तुम्ही कधी ऐकली नसेल असं वाटत असेल, तर शाळेतलं मराठीचं पुस्तक आठवा. बहिणाबाई चौधरींची भाषा ती हीच, आणि असोदा हे त्यांचं माहेर. २४ ऑगस्ट १८८० रोजी त्या इथे महाजनांच्या घरात जन्मल्या आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला गेल्या. अंतर जेमतेम दोन कोस. आज शेअर रिक्षात बसलं तर मोबाइलवर एक रील बघून होईपर्यंत गाव येतं. पण माहेर दोन कोसांवर असो नाहीतर दोनशे, सासरी गेलेल्या बाईला ते सारखंच लांब असणार. अक्षर न शिकलेल्या त्या बाईच्या कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२मध्ये, त्या गेल्याच्या दुसऱ्या वर्षी.

असोदा बहिणाबाईंचं माहेर, आणि माझ्या आजीचं सासर. आजीचं माहेर तापीपलीकडे रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. सतराव्या वर्षी ती नदी ओलांडून अलीकडे आली. तिच्या लहानपणी होळीच्या आधी सगळ्या पोरी डोंगराच्या कडेला जायच्या. पळसाची पानं पत्रावळींसाठी आणि फुलं रंगपंचमीसाठी, पोतंभर. तिचा शेवटचा भाऊ गेला, त्यानंतर तिकडे जायला कारण उरलं नाही. असोद्याच्या काळ्या जमिनीत कापूस होतो, केळी होते आणि भरताची वांगी तर अशी होतात की नाव काढायचं काम नाही. बांधावर एखाद-दुसरा पळसही सापडेल. पण डोंगराचा डोंगर पेटलाय असं दृश्य हवं असेल तर तापी ओलांडून सातपुड्यातच जायला हवं. यावल, खिरोदा, पाल. म्हणजे आजीच्या माहेरच्या दिशेने.

तिला फुलंच बघायची होती की आणखी काही, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

टोकियो नाही तर पाल! प्लॅन एकदम सोपा वाटला. लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं की पळस होळीला फुलतो. मग होळीला जायचं. २०२३ची होळी ६ मार्चला होती. रात्रीच्या गाडीने निघाले, मुंबई ते जळगाव सव्वाचारशे किलोमीटर, पहाटे उतरले. आणि त्याच आठवड्यात उत्तर महाराष्ट्रात अवकाळी पाऊस आला, गारांसकट. मामांचा गहू कापणीला आला होता, तो आडवा झाला. अंगणात गारांचा सडा, मामी पदर डोक्यावर घेऊन दारात उभ्या, आणि मी मुंबईहून आणलेला नवा कॅमेरा बॅगेतून बाहेरच काढला नाही. गहू गेलेल्या घरात फुलांचा विषय काढायला जीभ रेटेना. आजीनेही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा म्हणाले, ‘‘चल, तुला पत्रकाराला दाखवण्यासारखं काहीतरी दाखवतो,’’ आणि बाइकवरून भादलीला घेऊन गेले. भादली शेजारचंच गाव, जळगाव-भुसावळ लाइनवरचं छोटं स्टेशन. फलाट, दोन बाकडी, कुत्रं. मामा रुळांकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘इथे बालकवी गेले.’’ मला माहीतच नव्हतं! ‘फुलराणी’ लिहिणारे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, याच जिल्ह्यातल्या धरणगावचे. ५ मे १९१८ रोजी भादलीला रेल्वेखाली सापडून गेले. वय सत्तावीस. त्या दिवशी माझंही सत्तावीसच होतं. एक मालगाडी धडधडत गेली, आम्ही कानांवर हात ठेवले आणि परत आलो. मास कॉमला दोन वर्षं घालवून, निसर्गकवितेवर दोन फीचर्स लिहून, ही गोष्ट मला बाइकच्या मागच्या सीटवर कळावी, म्हणजे कमालच.

२०२४ला मी जास्त हुशार झाले होते. होळी २४ मार्चला, रविवारी. सोमवारी धुळवडीची सुट्टी. बँकवाली मैत्रीणही यायला तयार झाली, कारण लाँग वीकएन्ड! मामांनी गाडी ठरवली. आजी सकाळी सहालाच तयार, जरीकाठाची साडी, हातात पिशवी. पिशवीत काय, तर फुलं आणायला आणखी दोन पिशव्या.

खिरोद्यापर्यंत पोचलो आणि मला घाम फुटला. उन्हाने फुटला तो वेगळा. रस्त्याकडेच्या पळसांवर चपट्या हिरवट शेंगा लोंबत होत्या आणि तांबूस कोवळी पानं आली होती. फूल नाही. पुढे वर चढत गेलो तर कुठे एखाद्या सावलीतल्या झाडावर चार-दोन उरलेली. डोंगर नुसता भाजलेला, करडा. आजी काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर तिने खिडकीला डोकं टेकलं आणि झोपली, निदान डोळे तरी मिटले. त्या पिशव्या तशाच घडी घातलेल्या.

बँकवाली हळूच म्हणाली, ‘‘टोकियोत पण असंच झालं होतं गं.’’ तिला वाटलं धीर देतेय.

चूक कुठे झाली, हे मी नंतर कागदावर मांडलं. फंडा असा आहे. होळी चालते चंद्रावर, आणि पळस चालतो उन्हावर. २०२३च्या पावसाळ्यात अधिक श्रावण आला, त्यामुळे पुढची होळी अठरा दिवस पुढे गेली. ६ मार्चची २४ मार्च. झाडाला अधिक महिना कोण सांगणार? ते आपलं पानं झडली, दिवस तापले की फेब्रुवारीच्या मध्यापासून फुलायला लागतं, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बाजार उठतो. म्हणजे होळी लवकर आली तर तुम्ही नशीबवान, उशिरा आली तर शेंगा. त्यात भर म्हणून आपलं तिसरं कॅलेंडर, ऑफिसचं. पंचांग, झाड आणि एचआर या तिघांचं एकमत होणं म्हणजे पत्रिका जुळण्यापेक्षा अवघड.

जपानी लोकांचंही काही फार वेगळं नाही म्हणा. क्योतोत चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासूनच्या दरबारी रोजनिशांमधून गोळा केल्या आहेत. २०२१मध्ये तिथे पूर्ण बहर २६ मार्चला आला, बाराशे वर्षांतला तोवरचा सर्वांत लवकरचा. आधीचा विक्रम होता १४०९ सालचा, २७ मार्च! हवा तापतेय तशी फुलं पुढे सरकताहेत. आपल्याकडे पळसाच्या तारखा अशा कुणी लिहून ठेवलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत. आपल्याकडे आज्या आहेत.

त्या पावसाळ्यात आजीच्या डोळ्यांचं निघालं. मोतीबिंदू असेल म्हणून जळगावला दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू काढू, पण पडद्याच्या मधल्या भागाची झीज झालीय, ते परत येणार नाही. म्हणजे असं, की समोर बघितलं की मधोमध धूसर डाग, कडेचं मात्र दिसतं. ऑपरेशन झालं, थोडा फरक पडला. पण आजी तेव्हापासून माणसाशी बोलताना मान तिरकी करून बोलते. नवख्याला वाटतं रुसलीय. फोनवर मामा म्हणाले, ‘‘यंदा जमवायचं असेल तर जमव बाई. पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही.’’

मग मी जपान्यांची आयडिया चोरली. नमुना झाड! माझा मामेभाऊ फैजपूरला कॉलेजात आहे आणि त्याचा एक मित्र खिरोद्याहून येतो. खिरोद्याच्या पुढे पालच्या रस्त्याला एक पळस त्यांनी ठरवला आणि १ फेब्रुवारी २०२५पासून दर रविवारी त्याचा एक फोटो माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागला. अट एकच. झाड तेच, उभं राहायची जागा तीच. पहिल्या फोटोत अर्धी पानं. दुसऱ्यात फांद्या उघड्या. तिसऱ्यात फांद्यांवर काळपट, मखमली गाठी. मी पोराला फोन करून विचारलं, कीड लागलीय का? तो हसला. त्या कळ्या होत्या. २३ फेब्रुवारीच्या फोटोत त्या काळ्यातून केशरी टोकं बाहेर आली होती, पोपटाच्या चोचीसारखी. २ मार्चला झाड तीस-चाळीस टक्के. होळी होती १३ मार्चला, गुरुवारी, दुसऱ्या दिवशी सुट्टी, पुन्हा तोच गोड लाँग वीकएन्ड. ग्रुपवर सगळ्या म्हणाल्या, तेव्हाच जाऊ ना, रजा वाचेल.

मी म्हटलं नाही. ८ मार्चला, शनिवारी.

त्या शनिवारी माझी एक कव्हर स्टोरी द्यायची होती. एडिटरना फोन केला, म्हटलं सोमवारी देते. कारण विचारलं तर खरं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं की पुढच्या वेळेपासून कुणीतरी आजारी असल्याचं सांग, फुलांसाठी डेडलाइन हलवली असं ऐकलं की बाकीचे बिघडतात. स्टोरी दुसऱ्याला गेली. फ्रीलान्सचं हेच सुख आणि हेच दुःख.

आठवा मार्च. सकाळी सातला असोद्याहून निघालो. मामा, मामी, आजी, मी. बँकवाली हाफ डे टाकून रात्रीच्या गाडीत चढली होती, म्हणून ती पण. भुसावळ मागे टाकलं, तापी ओलांडली आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. ही केळी बघून घ्या, २०१६मध्ये जळगावच्या केळीला जीआय मिळालंय आणि त्याच वर्षी आमच्या भरताच्या वांग्यालाही. ट्रकांच्या रांगा, घड बांधणारी माणसं, पाटाचं पाणी. फैजपूर आलं. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. मामा दर वेळी ही माहिती सांगतात, याही वेळी सांगितली.

पुढे रस्त्यावर ढोल दिसायला लागले. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. पावरा, भिल्ल, बारेला लोक आपापल्या बाजाराच्या गावी होळीची खरेदी करायला उतरतात. डाळ्या, गूळ, हार-कडी, कपडे, आणि जोडीला मोठमोठे ढोल. एकेका ट्रॅक्टरमध्ये अख्खा पाडा. तुम्ही कुठे वाचलं असेल की भोंगऱ्या म्हणजे पोरं-पोरी एकमेकांना पळवून नेतात तो बाजार, तर ते विसरा. आमच्याच पेशातल्या लोकांनी चवीने लिहून लिहून ते पसरवलंय आणि तिथल्या माणसांना त्याचा मनस्वी राग आहे. बाजार आहे तो. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपण दादरला जातो, तसा.

खिरोदा ओलांडलं. आमचं नमुना झाड आलं, फोटोवरून ओळखू आलं. पूर्ण केशरी. एक पान नाही. मामांनी गाडी थांबवली, पण आजी म्हणाली, ‘‘पुढे चाल, हे एकलं हाये.’’

सुकी नदीवरचं गारबर्डी धरण गेलं, वळणं सुरू झाली. आणि मग एका वळणावर समोरचा अख्खा उतार.

आता याचं वर्णन करताना पळस पेटला, वणवा लागला वगैरे लिहायची आमच्यात पद्धत आहे, वर मीही लिहिलंच. प्रत्यक्षात ते जरा वेगळं असतं. आजूबाजूचं जंगल उन्हाने पार वाळलेलं असतं. साग उघडा, जमिनीवर पाचोळा, सगळं राखेच्या रंगाचं. त्या राखेत ही झाडं वेडीवाकडी उभी. खोड कुणी पिळून ठेवल्यासारखं, उंची बेताची, देखणेपण शून्य. आणि अंगभर फक्त फुलं. सकुराचे फोटो बघताना ते सगळं कुणीतरी नीट लावून ठेवल्यासारखं वाटतं, आणि लावलेलंच असतं. हे कुणी लावलेलं नाही. वास नाही, पण आवाज प्रचंड! मैना, बुलबुल, शिंजीर, सगळी पाखरं मधासाठी तुटून पडलेली. एका झाडाखाली उभं राहिलं तर लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये शिरल्यासारखा कलकलाट.

मी आजीकडे बघितलं. तिचं तोंड माझ्याकडे होतं. क्षणभर वाटलं, तिला दिसत नाहीये. मग लक्षात आलं. तिचं तोंड माझ्याकडे होतं, म्हणजे ती झाडांकडे बघत होती. कडेने.

‘‘दिसतंय का गं आजी?’’

‘‘एवढं लाल दिसनार नाही तं काय,’’ ती म्हणाली. ‘‘आंधयी थोडीच हाये मी.’’

ती खाली उतरली, मामींचा हात धरून. पडलेलं एक फूल उचललं, त्याचा काळा मखमली देठ अंगठ्याने चोळत राहिली. मग देठ तोडून फुलाचं बूड तोंडात धरलं आणि चोखलं. मध असतो त्यात, लहान पोरं चोखतात. एक मामांच्या हातात दिलं. पंचावन्न वर्षांचे, ग्रामपंचायतीच्या राजकारणात मुरलेले माझे मामा रस्त्याच्या कडेला उभे राहून फूल चोखत होते, हा फोटो माझ्याकडे आहे आणि तो छापायला त्यांनी सक्त मनाई केलीय. बँकवालीने पण चोखलं. म्हणाली, गोड आहे, पण मुंगी होती.

खाली पडलेली फुलंच गोळा केली, दोन पिशव्या. झाडावरची तोडायची नाहीत, आजीचा नियम. डोंगरात यायच्या तेव्हा कुणीतरी म्हातारी पोरींवर ओरडायची, तोडलेल्या फुलाचा रंग कच्चा येतो म्हणून. खरंखोटं देव जाणे. मला वाटतं तिला झाड वाचवायचं असेल.

परत येताना आजीच्या माहेराचा फाटा आला. जाताना कुणी काही बोललं नव्हतं. आता तिनेच मामांच्या खांद्यावर हात ठेवला. आत वळलो. भाच्याचं घर, आता स्लॅबचं. सूनबाई आम्हाला ओळखत नव्हत्या, पण आजीचं नाव सांगितल्यावर चहा आला, चिवडा आला, जेवायचा आग्रह झाला. आजी परसात गेली आणि मान तिरकी करून बघत राहिली. विहीर होती, बुजवलीय. विहिरीजवळ पळस होता, तिथे आता केळीसाठी ठिबकची टाकी. भाचे म्हणाले, ‘‘आत्या, तो तं कवाच पडला.’’ आजी म्हणाली, ‘‘असू दे, पान्याची सोय झाली.’’ निघताना सूनबाईंनी तिची ओटी भरली. गाडीत बसल्यावर आजीने ते खण-नारळ पिशवीत ठेवले नाहीत. असोदा येईपर्यंत मांडीवरच होते.

घरी आल्यावर मामींनी भरीत केलं. वांग्यांचा हंगाम सरत आला होता, शेवटची वांगी. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची भाकरी. बँकवालीने चौथी भाकरी घेतली तेव्हा मामी तिला म्हणाल्या, ‘‘तुमच्या जपानात काय देतात खायला?’’

तुम्हाला जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. रात्रीची गाडी पकडून पहाटे जळगाव किंवा भुसावळ, तिथून गाडी करून फैजपूर-खिरोदामार्गे पाल. भुसावळहून साधारण दोन तास धरा. यावल अभयारण्य, १९६९पासूनचं, याच डोंगरात आहे, पण आत शिरायचं तर वन खात्याला आधी विचारा. सकाळी दहाच्या आत डोंगरात असा, मार्चातही बाराचं ऊन डोकं फोडतं. हाताशी वेळ उरला तर जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वस्तू ठेवल्यात, त्या बघा. आणि हॉटेल बुक करण्याआधी तिकडचा एक माणूस शोधा, जो दर रविवारी एका झाडाचा फोटो पाठवेल. चहावाला, एसटीचा कंडक्टर, कुणीही. फोटो आला की रजा टाका, मग सुट्टी जोडून येवो न येवो. मुंबईबाहेर पडणं अगदीच शक्य नसेल तर फेब्रुवारी-मार्चात विक्रोळीला ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर गुलाबी टॅबेबुया फुलतो, तो तरी गाडी थांबवून बघा. तो मूळचा मध्य-दक्षिण अमेरिकेचा आहे, पण सिग्नलला फुलतो.

फुलं आजीने अंगणात सुकवली. १९ मार्चच्या रंगपंचमीला मी मुंबईत एका प्रेस कॉन्फरन्समध्ये होते. दुपारी मामेभावाचा फोटो आला. अंगणात पितळी घंगाळ, त्यात गर्द केशरी पाणी, आणि पाठमोरी आजी. खाली त्याने टाइप केलं होतं, आजी म्हणते रंग पक्का आलाय, पप्पांच्या पांढऱ्या शर्टाचं काय करायचं ते तायडीला विचार.